मनाच्या आजाराची पाहणी : बांधावरचाच ऊस दाखवू नका



ऊस पक्व झाला की नाही हे पाहायला कारखान्याचा माणूस फडात येतो, तेव्हा तो बांधावरचा ऊस घेत नाही. आत शिरून चार ठिकाणचे ऊस घेतो आणि मग ब्रिक्स पाहतो. बांधाकडेचा ऊस उजेडामुळे जोमदार असतो; त्यावर साऱ्या प्लॉटची तोड ठरवली तर नुकसान आपलेच. हे धावड्याच्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. पण मनाच्या आजारांची पाहणी निघाली की आपण सगळे बांधावरचाच ऊस पुढे करतो.

आपल्या देशात किती लोकांना असे आजार आहेत, हे बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 साली 12 राज्यांत मोजले. 34,802 प्रौढ माणसांना प्रश्न विचारले. शंभरात सुमारे 10.6 जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता. उदासी, चिंता अशा नेहमीच्या आजारांत शंभरातले 85 जण उपचाराविना होते. त्या 12 राज्यांत शेजारचे गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड होते, महाराष्ट्र नव्हता. म्हणजे देशाच्या त्या आकड्यात जालना जिल्ह्यातले एकही घर नाही.

त्याआधी पुण्यात सुमारे 3,000 प्रौढांची पाहणी झाली होती, ती 2012 साली छापून आली. तिथे आयुष्यात कधी तरी असा आजार झालेल्यांचे प्रमाण फक्त 5.03 टक्के निघाले. निम्हान्सच्या पाहणीत हेच प्रमाण 13.7 होते. आता पुणेकर एवढे सुखी आहेत असे कुणी समजू नये! दोन्हीकडची प्रश्नावली वेगळी, पद्धत वेगळी. आणि माझ्या मते, दार उघडून माणूस किती मोकळेपणाने बोलला यावरही आकडा पुष्कळ हलतो.

दारच उघडले नाही तर काय होते, ते नॉर्वे देशात दिसले. तिथल्या होर्डालँड भागात 1997 ते 1999 या काळात आरोग्य पाहणी झाली. बोलावूनही काही लोक आले नाहीत. पुढे सरकारी नोंदी तपासल्या, तेव्हा आजारपणामुळे काम सुटून अपंगत्वाचे वेतन घ्यावे लागलेल्यांचे प्रमाण न आलेल्यांत जवळजवळ दुप्पट निघाले. त्यातही मनाचे आजार ठळक. म्हणजे ज्याची मोजणी व्हायला हवी होती तोच नेमका घरी बसला.

आपल्याकडं तर घरी बसलेलाही नसतो. हंगाम लागला की तोडीला गेलेल्यांच्या घरांना कुलूप. पाहणीवाला दोनदा येऊन कुलूप लिहून जातो. उचल घेतलेला, कोयता घेऊन परमुलखात राहिलेला माणूस यादीतून गळतो. पाहणी करणाऱ्यांनी अशा गावांत गळिताच्या दिवसांत येऊच नये, किंवा पट्टा पडल्यावर पुन्हा यावे.

दुसरी आपली खोड. घराची निवड चिठ्ठी टाकल्यासारखी झालेली असते. गावातले चार जाणते म्हणतात, "साहेब, त्याच्याकडं कशाला जाता, तो जरा तसलाच आहे. आमच्या घरी चला, चहा घ्या." चहा अवश्य पाजावा, पण घर बदलायला लावू नये. एका घराऐवजी दुसरे घेतले की सारा हिशेब बिघडतो. आणि तो "तसलाच" असेल, तर त्याच्या घरी जाणे अधिकच गरजेचे.

घरात बाईला प्रश्न विचारला तर उत्तर बाहेरून मालक देतो. "तिला काय होतंय? झोप येत नाही एवढंच." झोप न येणे, डोके जड राहणे, जेवण न जाणे, कशातच जीव न रमणे हीच तर विचारायची गोष्ट असते. तिला एकटीला बोलू द्यावे.

मरणाचे विचार येतात का, या प्रश्नाला माणूस पोलिसांच्या भीतीने नाही म्हणतो. विचार येणे हा गुन्हा कधीच नव्हता. प्रयत्न केलेल्याबाबतही 2017 चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो की तो माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरावे, शिक्षा करू नये. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेत तर जुने कलम 309 घेतलेलेच नाही.

मोजून मिळते काय, असे विचारणारे पुष्कळ. विदर्भातल्या 30 गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघर पाठवले. सुरुवातीच्या पाहणीत उदासीच्या आजाराच्या शंभर माणसांत जेमतेम 4.3 जणांनी मदत घेतली होती. नंतरच्या पाहणीत 27.2 जणांनी. हे अभ्यासकांनी 2017 साली प्रसिद्ध केले. पहिला आकडा नसता तर दुसऱ्याला काय किंमत राहिली असती?

जालन्यासह मराठवाडा-विदर्भाच्या 14 जिल्ह्यांत 2015 साली शासनाचा प्रेरणा प्रकल्प सुरू झाला. त्यात आशाताईंनी घरोघर जाऊन शेतकऱ्यांना असेच प्रश्न विचारायचे होते. पुढे कुणीही असा कागद घेऊन आले तर आधी ओळखपत्र पाहा, उत्तरे कुठे जाणार ते विचारा. बँक खाते किंवा ओटीपी मागितला तर सरळ परत पाठवा. एखादा प्रश्न नको वाटला तर तेवढा सोडता येतो.

पाहणी येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानस ही शासनाची फोन सेवा चालू आहे. नंबर 14416, फोन रात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत.