मुखपृष्ठ घडताना (भाग ६) : आधी छाया, मग रेष

मागच्या आठवड्यात कागदाचं माप ठरवलं : डेमी, साडेपाच बाय साडेआठ इंच. ३०० डीपीआयला ते १६५० बाय २५५० पिक्सेल होतं. कापणीसाठी चारही कडांना ३ मिलिमीटर जास्तीचे. आज त्या चौकटीत फोटो आणायचा आणि त्याचं चित्र करायचं.

उदाहरण माझ्याच टेबलावरचं घेते. एका कवितासंग्रहासाठी कवीनं आईचा फोटो दिला. दारात बसून ती तांदूळ निवडते आहे, मांडीवर सूप, उजवीकडून सकाळचं ऊन. मेसेजमधून आलेला फोटो आकसलेला होता, म्हणून मूळ फाइल ईमेलनं मागवली.

एका क्लिकमध्ये फोटोचं चित्र करणारे फिल्टर पुष्कळ आहेत. त्यातले बरेचसे उजेड-अंधार जिथे बदलतो ती कड शोधतात आणि तिथे रेष ओढतात. दाराची कडी आणि आईची पापणी, दोन्हीला सारखंच वजन. चित्रकाराचं काम नेमकं इथून सुरू होतं, कारण ते वजन त्यालाच ठरवायचं असतं.

म्हणून पहिल्यांदा रेष नाही. फोटो कृष्णधवल करा आणि डोळे किलकिले करून बघा. बारीकसारीक तपशील विरघळतात, उजेड, मधली छटा आणि गडद सावली एवढंच उरतं. पोस्टराइझ ही आज्ञा तीन पायऱ्यांवर ठेवली की साधारण तेच दिसतं, पण तो फक्त अंदाज. फोटोचा लेअर ४० टक्के फिकट करून कुलूपबंद करा आणि वरच्या नव्या लेअरवर सावल्यांचे आकार स्वतःच्या हातानं भरा. या तीन छटांत माणूस ओळखू येत नसेल, तर पुढे कितीही रेषा काढल्या तरी येत नाही.

चेहऱ्यापाशी मात्र थांबावं लागतं. फोटोत सुरकुती म्हणजे छटेतला अगदी हलका फरक, पण आपण काढतो ती रेष पूर्ण काळी. सगळ्या सुरकुत्या गिरवल्या आणि बाई दहा वर्षांनी म्हातारी झाली. पुसल्या. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारी एक आणि डोळ्याच्या कडेची एक, एवढ्या ठेवल्या. उन्हाकडच्या गालाला रेषच दिली नाही, डोळा तो गाल आपोआप पुरा करतो. बोटं मात्र पेर न् पेर काढली, कारण त्या कवितांचा जीव तिच्या हातात आहे.

आणखी एक. मोबाइल जवळ धरून काढलेल्या फोटोत पुढे असलेलं मोठं होतं. इथे गुडघा डोक्याएवढा झाला होता. फोटोत ते खपून जातं, चित्रात चूक वाटते. गुडघा लहान केला, आणि शीर्षकासाठी डोक्यावरची भिंत वाढवली.

बारीक काळ्या रेषा फक्त काळ्या शाईच्या ठेवा. चारही शाया मिसळून केलेली काळी रेष छपाईत एखादी प्लेट केसभर सरकली तरी रंगीत कडा दाखवते.

फोटो दुसऱ्याचा असेल तर हे सगळं करण्याआधी परवानगी. लिन गोल्डस्मिथ यांनी १९८१ मध्ये गायक प्रिन्सचा फोटो काढला. १९८४ मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’नं तो एकदाच वापरण्याच्या बोलीवर घेतला आणि अँडी वॉरहॉलनं त्यावरून चित्र केलं. पण वॉरहॉलनं त्याच फोटोवरून आणखीही चित्रं केली होती. त्यांतलं नारिंगी चित्र २०१६ मध्ये, प्रिन्सच्या मृत्यूनंतर, एका विशेषांकाच्या मुखपृष्ठावर आलं. गोल्डस्मिथना ना मोबदला, ना श्रेय. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ७ विरुद्ध २ मतांनी त्यांच्या बाजूनं निकाल दिला. मला तो मनापासून पटतो : ऊन कुठून यावं आणि क्षण कोणता पकडावा, हे त्या छायाचित्रकारानं आधीच ठरवलेलं असतं. माझ्या बाबतीत फोटो कवीनंच काढला होता, त्यामुळे प्रश्न मिटला.

चित्र पाठवलं. कवी बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, “आईच्या कानात कुड्या असतात.” फोटोत त्या सावलीत होत्या, मी डाग समजून टाकल्या होत्या. कानाच्या पाळीवर तीन पांढरे ठिपके दिले आणि फाइल छापखान्यात गेली.

पुढच्या आठवड्यात : शीर्षकाचं अक्षर.