घरी बांधलेल्या गाडीत इंजिनाची बैठक

विहिरीवरील इंजिनाचा पाया कसा घालावा, हे आपल्या बीड जिल्ह्यातील शेतकऱ्यांस सांगावयास नको. काँक्रीटचा जड ठोकळा, त्यात रोवलेले बोल्ट आणि वर घट्ट आवळलेले इंजिन. इंजिनाचा हादरा तो ठोकळा व खालची जमीन गिळून टाकतात. परंतु जुने इंजिन घेऊन कोणी हौसेने गाडी बांधू लागला, की घट्ट आवळण्याचा तोच नियम तो तेथेही लावतो आणि फसतो. गाडीच्या सांगाड्यास ठोकळ्याचे वजन नसते. त्यामुळे हादरा जोडांवर जातो; मग वेल्डिंगचा सांधा तडकतो, नाही तर इंजिनाचा ओतीव कान तुटतो.

बैठकीवर केवळ इंजिनाचे वजन येते, असा समज आहे. तो अपुरा होय. इंजिन ज्या जोराने दांडा फिरवते, त्याच जोराने ते स्वतः उलट कलू पाहते. १० अश्वशक्तीचे इंजिन मिनिटास १५०० फेरे घेत असता हा पीळ सुमारे पावणेपाच किलोग्रॅम-मीटर असतो. इंजिनास जोडलेल्या गिअरपेटीने पहिल्या गिअरमध्ये तो चौपट केला, तर अर्धा मीटर अंतरावरील दोन आधारांपैकी एक सुमारे ३८ किलोने दाबला व दुसरा तितक्याच जोराने उचलला जातो. क्लच एकदम सोडल्यास हा जोर याहून वाढतो.

आधार तीनच असावेत : दोन बाजूंस, एक मागे मध्यावर. चार पायांची बाज खडबडीत जमिनीवर डुगडुगते. चुलीचे तीन दगड डुगडुगत नाहीत. बालाघाटाच्या वाटेवर सांगाडा पिळवटला, तरी तीन आधारांवरील इंजिनास तो पीळ सहसा बाधत नाही.

प्रथम इंजिन लाकडी ठोकळ्यांवर नेमक्या जागी ठेवून दांड्याची रेघ जुळवावी. मग पुठ्ठ्याचा नमुना कापून त्याबरहुकूम ६ मिलिमीटर जाडीची पट्टी घडवावी. पट्ट्या बोल्टांनी जागीच बसवून वेल्डिंगचे नुसते टाके मारावेत. त्यापूर्वी बॅटरी सोडावी आणि रबर काढून त्या जागी तितक्याच जाडीचा लोखंडी तुकडा ठेवावा. नंतर इंजिन उतरवून सांधे पुरे भरावेत व कोपऱ्यांस त्रिकोणी आधार द्यावा.

पट्टी व सांगाडा यांमध्ये रबर हवेच. ते फार कठीण असल्यास हादरा तसाच खाली उतरतो. फार मऊ असल्यास इंजिन झुलते. डिझेलने रबर फुगते, म्हणून वर पत्र्याचे झाकण ठेवावे. रबर फाटले तरी इंजिन निसटू नये, असा लोखंडी अडसर अवश्य असावा. उतारावर इंजिन सुटले तर प्राणाशी गाठ आहे. गाडी काही तास चालताच सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत.

एक गोष्ट मात्र विसरू नये. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील एका कारागिराने भंगारातून बांधलेली गाडी २०२१ साली फार गाजली. तिचे कौतुक करतानाच आनंद महिंद्र यांनी, ती नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या अडविली जाईल, असे म्हणून तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. कायद्याने मान्यता व नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही. तेव्हा असला प्रयोग आपल्या बांधाच्या आतच करावा, अशी आमची वाचकांस आग्रहाची सूचना आहे.