कानावरची चिमटी

नॅथॅनिअल बाल्डविन या अमेरिकन गृहस्थांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर हेडफोन जुळविले आणि १९१० च्या सुमारास आपल्या नौदलाकडे धाडले. त्यानंतर आवाज पुष्कळ सुधारला; माणसाचे कान मात्र तेच राहिले! चष्मेवाल्यांना विचारा. चष्म्याची काडी आणि हेडफोनची गादी यांच्या चिमटीत सापडलेला कान तासाभरात ठणकू लागतो. मी गादीच्या स्पंजात काडीपुरती खाच पाडली आणि सुटलो. वायर तुटते ती बहुधा पिनेच्या तोंडाशी, कारण वाकण्याचा सारा ताण तिथे एकवटतो. तिथे जुन्या बॉलपेनातली स्प्रिंग चढवावी. खर्च शून्य!

पण खरी अडचण श्रीरामपूरला आमच्या अण्णांची. त्यांचा डावा कान पार गेलेला. स्टीरिओ ध्वनिमुद्रणात काही वाद्ये एकाच बाजूला अधिक वाजतात. त्यामुळे मैफल त्यांच्या वाट्याला अर्धीच यायची. "तबलजी संपावर गेलाय काय रे?" असे ते विचारीत. अनेक मोबाइलांच्या सेटिंगमध्ये 'मोनो'ची सोय असते, हे दुकानदार कशाला सांगेल? ती चालू केली, की दोन्ही बाजूंचा आवाज मिसळून प्रत्येक कानात येतो. परवा मी काही बोलू लागलो, तर अण्णांनी हात वर करून मला गप्प बसविले. तबला सुरू झाला होता.