तळघरातून आलेला आवाज

मागील वर्षी एका वक्तृत्व स्पर्धेसाठी आम्ही चौघे मित्र नांदेडहून एका मोठ्या शहरी गेलो होतो. भाषणे बरी झाली. दुपारी पंगत बसली तेव्हा कोणीतरी आमच्यातल्या लातूरकडच्या मित्राला हाक मारली आणि तो सहज बोलून गेला, "थांबा की, जेवलालो!" समोरच्या रांगेत हशा पिकला. एकाने तर "जेवलालो, जेवलालो" असे दोनदा म्हणून दाखविले. त्यानंतर परतीच्या गाडीत बसेपर्यंत आमचा मित्र पुस्तकातल्यासारखे मोजूनमापून बोलत होता. नांदेड जवळ आल्यावर त्याची जीभ पुन्हा मोकळी झाली.

हा प्रसंग येथे सांगण्याचे कारण असे की, त्याच सुमारास अमेरिकेतील दोन कृष्णवर्णीय तरुणांची पहिली ध्वनिमुद्रिका माझ्या ऐकण्यात आली, आणि तिच्या स्वागताची हकीकत वाचताना मला ती पंगत वारंवार आठवत राहिली. त्या ध्वनिमुद्रिकेचा परिचय करून देणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम 'रॅप' म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. तालाच्या ठेक्यावर यमकांची साखळी गुंफीत, गाणे आणि बोलणे यांच्या सीमेवर उभे राहून केलेले शब्दांचे सादरीकरण म्हणजे रॅप. पोवाडा ऐकलेल्या मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटू नये. आपला शाहीरही डफाच्या थापेवर कथा सांगता सांगता गातो आणि गाता गाता बोलू लागतो. रॅप ज्या 'हिप हॉप' संस्कृतीचा भाग आहे, तिचा जन्म न्यूयॉर्क शहरातील ब्राँक्स या गरीब वस्तीत झाला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तेथील एका इमारतीत कूल हर्क या तरुणाने तबकड्या वाजवून जो नाचाचा कार्यक्रम केला, तो या संस्कृतीचा आरंभ मानला जातो. पुढे पश्चिम किनाऱ्यावरील लॉस एंजेलिस हे तिचे दुसरे केंद्र झाले. १९९० नंतरची काही वर्षे या दोन शहरांमध्येच चुरस होती. दक्षिणेकडील राज्यांतही रॅप होते. ह्यूस्टनचे 'गेटो बॉईज' आणि मायामीचे '२ लाइव्ह क्रू' गाजलेही होते. तरीपण खरी कला न्यूयॉर्कची, दक्षिणेकडचे लोक म्हणजे गावंढळ, अशीच जाणत्यांची समजूत होती. दक्षिणेची ती लांबविलेली, स्वर ओढून बोलण्याची ढब हा तर थट्टेचाच विषय!

अशा वेळी जॉर्जिया राज्याची राजधानी असलेल्या अटलांटा शहरातून 'आउटकास्ट' ही जोडी पुढे आली. आंद्रे बेंजामिन आणि अँटवान पॅटन अशी या दोघांची नावे. दोघांचाही जन्म १९७५ चा, आणि दोघेही ट्राय-सिटीज नावाच्या एकाच शाळेत शिकलेले. जोडीच्या नावाचा सरळ अर्थ 'बहिष्कृत' असा होतो. १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक ज्या महाराष्ट्रात निघाले, तेथील वाचकाला या नावाचे मर्म वेगळे उलगडून सांगावे लागणार नाही. ज्या शब्दाने आपल्याला बाहेर ठेवले, तोच शब्द पाटीवर लिहून दुकान मांडण्याची ही रीत आहे.

या मुलांना आधार मिळाला तो 'ऑर्गनाइझ्ड नॉइझ' या तीन संगीतकारांच्या गटाचा. रिको वेड, रे मरे आणि स्लीपी ब्राउन हे ते तिघे. रिको वेड यांच्या आईच्या घराखाली मातीच्या जमिनीचे एक तळघर होते. परिसरातील होतकरू मुले तेथे दाटीवाटीने बसत, लिहीत, एकमेकांना ऐकवीत. या जागेला त्यांनी 'डंजन', म्हणजे अंधारकोठडी, असे नाव दिले होते. आपल्याकडे एखाद्या मंदिराच्या ओवरीत भजनी मंडळ जमते, किंवा वसतिगृहाच्या एका खोलीत कविता वाचणारे जमतात, तशीच ही जागा.

१९९३ मध्ये लाफेस या ध्वनिमुद्रिका कंपनीने नाताळनिमित्त गीतांचा एक संग्रह काढला आणि त्यासाठी या पोरांकडून एक गाणे मागितले. नाताळचे गोडगोड वर्णन करणे त्यांना जमेना. मग आपल्या वस्तीत नाताळचा दिवस प्रत्यक्षात कसा जातो, तेच त्यांनी सांगितले. 'प्लेयर्स बॉल' नावाचे हे गाणे अमेरिकेतील रॅप गीतांच्या यादीत पहिल्या स्थानी गेले. त्यानंतर २६ एप्रिल १९९४ रोजी त्यांची पहिली संपूर्ण ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. तिचे नाव आहे 'सदर्नप्लेयालिस्टिकॅडिलॅकम्युझिक'! दक्षिण, छानछोकी, कॅडिलॅक मोटार आणि संगीत हे सारे एका दमात जोडून केलेला हा शब्द आहे. त्या दिवशी दोघांपैकी एक अठरा वर्षांचा, तर दुसरा एकोणीस वर्षांचा होता; म्हणजे आपल्या प्रथम किंवा द्वितीय वर्षाच्या वर्गात शोभतील असे.

या ध्वनिमुद्रिकेत नवे काय होते? पहिली गोष्ट, तिचा नाद. न्यूयॉर्ककडे प्रामुख्याने जुन्या तबकड्यांतील तुकडे कापून त्यावर रॅप रचीत. ऑर्गनाइझ्ड नॉइझने प्रत्यक्ष वाद्यांवर भर दिला. मंद चालणारा खर्जातला गिटार, ऑर्गनचे सूर आणि दक्षिणेच्या जुन्या संगीताची ऊब यांमुळे गाण्यांना एक सैल, उन्हाळी लय आली. दुसरी गोष्ट, उच्चार. या मुलांनी आपली स्वर लांबविण्याची सवय लपविली नाही. उलट त्या सवयीतूनच ठेका काढला. तिसरी गोष्ट, गावाचे भान. एका ठिकाणी विमानाचा वैमानिक उतारूंना अटलांटा शहर दाखवितो आहे अशी योजना आहे, आणि तो जाता जाता तेथे अजून फडकत असलेल्या बंडखोर दक्षिणेच्या ध्वजाकडेही बोट दाखवितो. गुलामगिरी टिकविण्यासाठी लढलेल्या राज्यांचे ते चिन्ह जॉर्जियाच्या राज्यध्वजावर १९५६ पासून २००१ पर्यंत होते. ज्या शहरात मार्टिन ल्यूथर किंग जन्मले, त्याच शहरात ही स्थिती! शिव्या न देता, भाषण न ठोकता, एका वाक्यात ही विसंगती सांगून मुले पुढे जातात.

'गिट अप, गिट आउट' हे सात मिनिटांहून लांब गाणे मला सर्वांत मोलाचे वाटते. 'गुडी मॉब' या त्यांच्या सोबती गटातील गायकही त्यात आहेत. दिवस वाया घालविणाऱ्या तरुणाला उठ, बाहेर पड, काहीतरी कर, असे त्यात सांगितले आहे; पण सांगणारा स्वतःलाही त्यातून वगळत नाही. म्हणूनच तो उपदेश बोचत नाही. सर्वच गाणी या तोलाची आहेत असे मात्र म्हणता येणार नाही. मोटारी, नशा आणि स्त्रियांविषयीची बेफिकीर भाषा यांचा सोस काही ठिकाणी खटकतो. वयाचा दोष म्हणून तो समजून घेता येईल, पण गुण म्हणून मिरवू नये.

आता स्वागताकडे वळू. घरच्या लोकांनी ही ध्वनिमुद्रिका उचलून धरली. देशाच्या सर्वसाधारण यादीत ती विसाव्या क्रमांकापर्यंत गेली आणि १९९५ मध्ये तिला दहा लाख प्रतींचा 'प्लॅटिनम' दर्जा मिळाला. ३ ऑगस्ट १९९५ रोजी न्यूयॉर्कमध्ये 'द सोर्स' या रॅपविषयक मासिकाचा पारितोषिक समारंभ झाला. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांचे वैर त्या सभागृहात उघड दिसत होते. नवोदित गटाचे पारितोषिक आउटकास्टला जाहीर झाले, आणि प्रेक्षकांनी हुर्यो उडविली. पारितोषिक हाती घेताना कानांवर धिक्कार पडावा, असा तो क्षण होता. वीस वर्षांच्या आंद्रेने ध्वनिक्षेपकासमोर उभे राहून, दक्षिणेलाही काही सांगायचे आहे, एवढ्याच आशयाचे थोडके बोल उच्चारले आणि तो खाली उतरला.

या पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. हुर्यो झाल्यावर या दोघांनी न्यूयॉर्कसारखे बोलायला शिकण्याचा खटाटोप केला नाही. १९९६ ची दुसरी ध्वनिमुद्रिका पहिलीपेक्षाही अधिक अटलांटाची होती. २००४ मध्ये त्यांच्या ध्वनिमुद्रिकेला वर्षातील सर्वोत्कृष्ट म्हणून ग्रॅमी पारितोषिक मिळाले, आणि २०२५ मध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये त्यांचा समावेश झाला. दरम्यान अटलांटा हेच रॅपचे एक प्रमुख केंद्र बनले. तळघराचे यजमान रिको वेड २०२४ मध्ये निवर्तले, पण तळघराने आपले काम केले होते.

आपल्या देशातही हे वारे आले आहे. २०१९ च्या 'गली बॉय' चित्रपटाने मुंबईच्या वस्त्यांतील रॅप घरोघरी पोचविले, आणि अमरावतीच्या सौरभ अभ्यंकरसारखे तरुण वऱ्हाडी ढंगात रॅप करू लागले. मग आमची बोली काय कमी आहे? देगलूर-बिलोलीकडे तिच्यात तेलुगूची लकब मिसळते, उदगीर-निलंग्याकडे कानडीची. आणि निजामी राजवटीतली उर्दू तर आमच्या रोजच्या बोलण्यात मुरलेली आहे. योगायोग पाहा, ज्या १९९४ साली ती ध्वनिमुद्रिका निघाली, त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेड येथे आपले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. आपल्याच भागात आपले विद्यापीठ असावे, या मागणीच्या मुळाशीही आपला आवाज आपल्या ठिकाणाहून उमटावा हीच इच्छा होती.

प्रमाण मराठी आपण शिकलीच पाहिजे; हा लेखही तिच्यातच लिहिला आहे. परंतु ती शिकताना घरची जीभ गिळून टाकण्याची गरज नाही. परवा आमच्या त्या मित्राला मी ही सारी हकीकत सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "पुढल्या वर्षी भाषण मी आपल्याच बोलीत करणार बघ. हसू देत." मी विचारले, "लिहिलास का काही?"

तो म्हणाला, "लिहिलालो की!"