गोडाऊनवर आधार-पासबुकचे फोटो दिले, पुढे त्यांचं काय? मालक-ठेकेदारांची जबाबदारी समजून घ्या

कशेळी (ता. भिवंडी) : कशेळी-काल्हेर-पूर्णा पट्ट्यात गोडाऊनच्या गेटवर रोजचं चित्र. नवीन पोरगा कामाला येतो. सुपरवायझर सांगतो, "आधार, पॅन, पासबुकचा फोटो व्हॉट्सॲपवर टाक." पोरगा टाकतो. दुसऱ्या दिवसापासून मशीनवर अंगठा. दोन महिन्यांनी काम सुटतं, पण फोटो सुपरवायझरच्या मोबाईलमध्ये तसेच राहतात. तो मोबाईल हरवला किंवा विकला, तर ते कोणाच्या हातात पडतील याचा भरवसा नाही.

दुसऱ्याचा भात आपल्या कणगीत ठेवला म्हणून तो आपला होत नाही. कामगाराच्या माहितीचंही तसंच आहे.

कायदा काय सांगतो?

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मालकांवरची मुख्य बंधनं १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होणार आहेत. पण तोवर रान मोकळं आहे असं समजू नका. बँकेची माहिती आणि बोटांचे ठसे निष्काळजीपणे हाताळून नुकसान केलं, तर कंपनीकडून भरपाई मागण्याची तरतूद आयटी कायद्यात आधीपासून आहे.

नवा कायदा डिजिटल माहितीला लागू आहे. नुसती फाईलमधली झेरॉक्स त्यात येत नाही, पण तिचा फोटो काढला किंवा स्कॅन केलं की येते.

मालक-ठेकेदारांनी काय करायचं?

पगार, पीएफ अशा नोकरीच्या कामासाठी लागणारी माहिती संमतीशिवाय वापरता येते. पण तीच माहिती कर्ज देणाऱ्या एजंटला किंवा जाहिरातीसाठी देता येत नाही. माहिती सुरक्षित ठेवणं बंधनकारक आहे. हजेरी-पगाराचं काम दुसऱ्या एजन्सीला दिलं, तरी कंपनीची जबाबदारी सुटत नाही. माहिती फुटली, तर संबंधित कामगाराला आणि डेटा संरक्षण मंडळाला कळवावं लागेल. काम संपल्यावर, दुसऱ्या कायद्याने ठेवायला सांगितलेली सोडून बाकी माहिती पुसायची. सुरक्षेत कसूर झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. ही कमाल रक्कम आहे, प्रत्यक्ष दंड चुकीचं गांभीर्य बघून ठरेल.

कामगारांनी काय करायचं?

• कागद कशासाठी हवा, कोण ठेवणार, हे विचारा.
• फक्त ओळख पटवायची असेल तर मास्क्ड आधार द्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. पीएफसाठी मात्र पूर्ण नंबर लागतो.
• झेरॉक्सवर तारीख आणि कारण लिहून सही करा.
• फोटो ग्रुपवर टाकू नका, ऑफिसच्या नंबरवर किंवा ईमेलवरच पाठवा.
• आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा.
• खात्यातून पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन करा.

आपल्या भागात बऱ्याच जणांनी भाताच्या जमिनीवर गाळे बांधलेत, काहींनी लेबर कॉन्ट्रॅक्ट घेतलीत. म्हणजे कागद घेणारेही आपलेच आणि देणारी पोरंही आपलीच. मे २०२७ ची वाट कशाला बघायची? काम सोडून गेलेल्यांचे मोबाईलमधले नको असलेले फोटो आजच पुसायला घ्या.