लाल डाग, सावळी त्वचा

स्तनावरच्या त्वचाविकारांची पुस्तकांतली आणि इंटरनेटवरची बहुतेक चित्रं गोऱ्या कातडीवरची असतात. तिथे दाह म्हणजे लालभडक चट्टा. आपल्या गव्हाळ, सावळ्या त्वचेवर तोच दाह जांभळट किंवा तपकिरी दिसतो, कधी नुसता आजूबाजूपेक्षा काळपट. काही वेळा डोळ्यांना काहीच कळत नाही. हात लावल्यावर ती जागा गरम आणि जाडसर लागते. तेव्हा रंगावर फार विसंबू नये. बदल नेमका कुठून सुरू झाला, एका बाजूला आहे की दोन्ही, आणि दिवसागणिक तो वाढतोय की ओसरतोय, हे पाहिलं की बरंच उलगडतं.

सर्वांत जास्त तक्रारी असतात त्या स्तनाखालच्या घडीतल्या. तिथे घाम वाळत नाही, कातडीवर कातडी घासते, वरचा थर सोलवटतो आणि त्या ओलाव्यात बुरशी वाढते. कँडिडा नावाची बुरशी असेल तर मुख्य चट्ट्याच्या कडेने बारीक पुटकुळ्या सुट्या सुट्या विखुरलेल्या दिसतात. गजकर्णाची कड उठलेली असते आणि मधला भाग निवळलेला. मधुमेह असेल तर हा त्रास पुन्हा पुन्हा होतो, म्हणून असा चट्टा सारखा येत असेल तर एकदा साखर तपासून घ्यावी. जागा कोरडी ठेवणं, सुती ब्रा रोज बदलणं आणि बुरशीचं साधं मलम नेमाने लावणं, एवढ्यावर बहुतेकदा भागतं.

बिघडतं ते मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या ‘खाजेच्या ट्यूब’ने. अशा अनेक ट्यूबमध्ये जोरदार स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, बाई खूश होते, आणि बुरशी मात्र पसरत राहते. चट्ट्याची कड पुसट झाल्याने डॉक्टरलाही तो ओळखू येत नाही. शिवाय घडीतली कातडी आधीच नाजूक. ती पातळ होऊन तिच्यावर कायमचे पट्टे उमटतात.

टाचणीच्या डोक्याएवढे, गुळगुळीत, लालचुटुक ठिपके तिशीनंतर अंगावर कुठेही येतात. ते रक्तवाहिन्यांचे निरुपद्रवी पुंजके, त्यांच्या वाटेला जाऊ नये. एकाच बाजूला आधी आग, मग पट्ट्यासारखे पाण्याचे फोड आले तर ती नागीण. तिचं औषध फोड दिसल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झालं तर जास्त चांगलं.

स्तनाग्राची गोष्ट वेगळी. साधा इसब बहुधा दोन्हीकडे असतो आणि स्तनाग्राभोवतीच्या गडद भागावर जास्त दिसतो. पण एकाच स्तनाग्रावर खपली धरते, चिकट पाणी येतं, आणि ते हळूहळू बाहेरच्या बाजूला पसरत जातं, तेव्हा पॅजेटचा आजार आहे का हे पाहावंच लागतं. लंडनचे सर्जन जेम्स पॅजेट यांनी 1874 साली त्याचं वर्णन केलं. अशा बहुतेक बायकांच्या स्तनात आतही कर्करोग सापडतो. हा चट्टा कधी मलमाने थोडा निवळल्यासारखा वाटतो, म्हणूनच फसवा. कातडीचा छोटा तुकडा काढून बायोप्सी केली की निकाल लागतो.

अंगावर पाजणाऱ्या आईचा स्तन एका भागात लाल, गरम, ठणकता झाला आणि थंडी वाजून ताप आला, तर दूध साकळून झालेला दाह समजावा. पाजणं सहसा थांबवायचं नसतं. अँटिबायोटिक दिलंच तर दोन-तीन दिवसांत फरक दिसायला हवा. नाही दिसला तर पू साठलाय का हे सोनोग्राफीत पाहतात.

हेच चित्र न पाजणाऱ्या बाईत दिसलं तर मात्र अधिक सावध व्हावं. आपल्याकडे क्षयरोगही कधी असं रूप घेतो. आणि दाहक स्तनकर्करोग नावाचा एक प्रकार आहे, क्वचित आढळणारा पण वेगाने वाढणारा. त्यात कर्करोगाच्या पेशी कातडीतल्या बारीक लसीकावाहिन्यांत अडकून बसतात. निचरा तुंबतो, कातडी पाण्याने फुगते. पण केसांची मुळं आणि घामाच्या नळ्या खोलवर रोवलेल्या असल्याने त्या त्या जागी कातडी वर येऊ शकत नाही. तिथे खळगे राहतात आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसू लागतो. काही आठवड्यांतच स्तन जड होतो, लाली एक-तृतीयांश भाग किंवा त्याहून जास्त व्यापते. ताप बहुधा नसतो. गाठही पुष्कळदा हाताला लागत नाही, मॅमोग्राफीतही दरवेळी दिसत नाही. ‘गाठ नाही ना, मग काळजी नाही’ हा आपल्याकडचा समज इथे घात करतो. संसर्ग समजून अँटिबायोटिकचा एक कोर्स दिला जातो, मग दुसरा, मग तिसरा. एक कोर्स पूर्ण होऊनही लाली पूर्ण गेली नाही तर पुढचा कोर्स घेत न बसता सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि कातडीची बायोप्सी यांविषयी स्पष्ट विचारावं.

खळी पडण्याचं कारण आणखी निराळं. कातडीला आतल्या भागाशी बांधून ठेवणारे तंतू गाठीमुळे आखडले की वरची कातडी आत ओढली जाते. आरशासमोर दोन्ही हात वर केले की ती अधिक ठळक दिसते. वयात आल्यापासून आत वळलेलं स्तनाग्र सहसा चिंतेचं नसतं. नव्याने आत वळलेलं दाखवावं.

घडीतल्या चट्ट्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ पुरेत. स्तनाग्र, खळी किंवा पूर्ण स्तनाची सूज असेल तर थेट सर्जनकडे जावं. तपासताना महिला डॉक्टर किंवा नर्स सोबत असावी असं मोकळेपणाने सांगता येतं. तोवर दर दोन-तीन दिवसांनी त्याच उजेडात मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. आणि जाण्याच्या दिवशी त्या जागी हळद, लेप, पावडर काहीही लावू नये, नाहीतर जे दाखवायचं तेच झाकलं जातं.