जुनें हवेचें पिस्तूल

जुनीं घड्याळें उघडून पुन्हा चालू करणारे हौशी गृहस्थ आपल्यापैकीं अनेकांच्या ओळखीचे असतील. आज मी त्याच जातीच्या, परंतु थोड्या निराळ्या वस्तूविषयीं बोलणार आहें. ती म्हणजे हवेच्या दाबानें छर्रा फेकणारें जुनें पिस्तूल.

बर्मिंगहॅमच्या वेब्ले अँड स्कॉट या कारखान्यानें १९२४ सालीं आपलें असें पहिलें पिस्तूल बाजारांत आणिलें. त्याची रचना मोठी चतुर आहे. वर नळी असते आणि तिच्याखालीं हवेचें नळकांडें. नळीचें मागचें टोंक सोडवून ती उचलून पुढें उलटविली, कीं आंतील दट्ट्या पुढें सरकतो, स्प्रिंग दाबली जाते आणि खटका दट्ट्यास अडवून धरतो. नळी पुन्हा जागेवर बसवून घोडा ओढला, कीं दट्ट्या वेगानें मागें धांवतो. त्याच्या वाटेंतील हवा कोंडते व लहानशा भोंकांतून नळींत शिरून छर्र्यास पुढें लोटते. येथें दारूचें काम नाहीं. सारी भिस्त स्प्रिंगेवर आणि हवा निसटूं न देण्यावर.

१९८८ सालीं मीं असें एक पिस्तूल एका परिचित गृहस्थांकडून विकत घेतलें. तें त्यांच्या वडिलांचें. त्यावर गंज चढला होता व छर्रा दहा पावलेंहि धड जात नसे. उत्साहाच्या भरांत मीं पॉलिश कागदानें घासून तें चांदीसारखें चकचकीत केलें आणि मोठ्या अभिमानानें त्या गृहस्थांस दाखविलें. त्यांनीं तें हातांत फिरवून पाहिलें व इतकेंच विचारलें, "मास्तर, येथें अक्षरें होतीं ना? लहानपणीं बाबा मला त्यांवर बोट ठेवून वाचावयास लावीत." कारखान्याचें नांव आणि अनुक्रमांक, दोन्ही मीं घासून टाकिलीं होतीं. मला उत्तर सुचलें नाहीं.

तेव्हांपासून जें शिकलों तें सांगतों. प्रथम कायदा. आपल्या देशांत १९५९ चा शस्त्र अधिनियम व २०१६ चे शस्त्र नियम आहेत. म्हणून खरेदीपूर्वीं पोलीस ठाण्यांत चौकशी करावी. दुसरें, नळी रिकामी असल्याची खात्री डोळ्यांनीं पटवावी, आणि खात्री पटल्यावरहि ती कोणाकडे रोखूं नये.

आतां स्प्रिंग. घोडा चढविलेला नसतांनाहि ती थोडी दाबलेलीच असते. नळकांड्याचें पुढील बूच बेसावधपणें फिरविलें, तर तें बंदुकीच्या गोळीसारखें उडतें. तें शिकंज्यांत धरून, तोंड बाजूस ठेवून, हळूहळू सैल करावें. पेचाच्या खांचेंत नेमका बसणाराच पेचकस वापरावा. जुने पेच हरवूं नयेत. त्या काळच्या इंग्रजी आट्यांशीं आजचे मेट्रिक पेच जुळत नाहींत.

जोर कमी असेल, तर आधीं नळीच्या मागील तोंडाचें वायसर पाहावें. तेथें पातळ कागदाची पट्टी धरून, छर्रा भरून, भक्कम लक्ष्यावर घोडा ओढावा. पट्टी फडफडली, तर हवा तेथूनच निसटते. छर्र्याशिवाय घोडा ओढूं नये. दट्ट्याला हवेची गादी मिळत नाहीं व तो टोंकावर आदळतो.

तेलाचा मोह सर्वांत घातक. सायकलीचा पंप हवा भरतांना तापतो, हें आपण अनुभविलें आहे. पिस्तुलांत तीच हवा निमिषांत दाबली जाते आणि इतकी तापते, कीं साधें खनिज तेल पेटतें. डिझेल इंजिनाचें तत्त्व हेंच. मग धूर निघतो, मोठा आवाज होतो आणि वायसर जळतें. म्हणून हवेच्या नळकांड्यांत सिलिकोन तेलाचा एखादाच थेंब. स्प्रिंगेवर वंगणाचा नुसता हात.

शेवटीं गंज. लोखंडाचा तांबडा गंज खातो. परंतु कारखान्यानें चढविलेला काळा-निळा थर हाहि एक प्रकारचा गंजच असून तो खालच्या पोलादाचें रक्षण करतो. तांबडा काढावा, काळा राखावा. रात्रभर तेल मुरूं द्यावें, सकाळीं मऊ फडक्यानें पुसावें. हट्टी डागांवर तांब्याच्या नाण्याची कड हलकेच फिरवावी. डाग राहिला तर राहूं द्यावा.

माझें पिस्तूल आज नीट चालतें. नवें वायसर, नवी स्प्रिंग सारें मिळालें. मात्र त्या बाजूवर बोट फिरविलें, तर पोलाद गुळगुळीत लागतें, आणि कांहीं वाचतां येत नाहीं. आपल्या हातीं अशी वस्तु आली, तर पॉलिश कागद उचलण्यापूर्वीं तीवर काय लिहिलें आहे तें वाचा. आणि शक्य तर घरच्या मुलांकडून वाचवून घ्या.